एकट्याचं गाऱ्हाणं

बा देवा रवळनाथा, म्हाराजा, मी परत आलोय. तूच आणलंस, तेव्हा ही बातमी तुला नवी नाही. तरी सांगतो. दर्यावर दुसरं कोणी नव्हतं म्हणून उठता-बसता तुझ्याशी बोलत होतो. आता घर माणसांनी भरलंय, आणि तुझ्याशी बोलायचं राहून जाईल अशी धास्ती वाटते. म्हणून आज पाऊस जरा उघडला तसा इथे येऊन बसलोय. ऐकून घे.

जमीन हलतेय, देवा. न्हाणीघरात डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला की भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तोल सांभाळणारं यंत्र कानात असतं, ते लाटांना सरावलंय. मेंदू अजून नसलेल्या लाटा सावरत बसलाय, होईल हळूहळू. होईलच. पोटऱ्याही भरतील. बोटीवर चालायला होतं काय, चार पावलं आणि दोर. तुझ्या देवळाच्या पायऱ्या चढताना आज मधेच टेकलो. केप टाउनपर्यंत जाऊन आलेला माणूस तुझ्या पायरीवर धापा टाकत बसला, ते पाहून पुजारीबुवा हसले. तूही हसला असशील.

मला पडू देऊ नकोस. मला झोप दे.

झोप दे, म्हाराजा. क्षितिज मोकळं दिसलं तरी त्याच्यापलीकडचं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून एकट्याने बोट हाकणारे तेवढीच डुलकी घेतात, उठतात, चहूकडे पाहतात, पुन्हा डोळे मिटतात. मीही तेच केलं. आता खाटेवर आहे, भिंती आहेत, कौलं आहेत, तरी तेवढ्याच वेळाने जाग येते. अंगणात जातो, माडांच्या शेंड्यांवरून वारा कुठला ते बघतो, मग उगाच उभा राहतो. आई उंबऱ्यात येते. म्हणते, "नीज रे झिला. हय खंयचा जहाज येतला?" जहाज येणार नाही हे मला कळतं. पण पहाऱ्यावर मी नसेन तर कोण, हा प्रश्न अंगातून जात नाही. समुद्रावर त्याचं उत्तर रोज उजाडल्यावर मिळायचं: बोट शाबूत, मी शाबूत, म्हणजे रात्रभर कोणीतरी जागं होतं. इथे ते उत्तर मला रात्रीच दे. उजाडेपर्यंत ताटकळत ठेवू नकोस.

उपकार तरी किती आठवू? विषुववृत्ताच्या पट्ट्यात वारा मेला. शिडं डोलकाठीवर आपटत राहिली, बोटीची सावली पाण्यावर जागची हलेना, तेव्हा तू पाऊस धाडलास. शिडाच्या झोळीत धरलेली पहिली बादली खारट निघाली, कारण कापडावर कित्येक आठवड्यांचं मीठ बसलेलं. ती ओतून दिली. दुसरी मचूळ. तिसरी गोड. त्या तिसऱ्या बादलीबद्दल मी तेव्हाच तुझे आभार मानले होते, पण घाईत, तोंड बादलीत असताना. आज नीट मानतो.

अल्बट्रॉसबद्दल आभार. दिवसदिवस माझ्या मागे असायचा, आणि तासभर बघत बसलं तरी त्याने पंख हलवलेला दिसायचा नाही. अगस्त्याच्या ताऱ्याबद्दल आभार; इथून तो दक्षिणेला खाली खाली दिसतो, तिथे जवळजवळ डोक्यावर होता, घरचं माणूस परमुलखात भेटावं तसा. उडत्या माशांबद्दल आभार, जे पहाटे आपण होऊन डेकवर येऊन पडायचे आणि न्याहारीला तव्यावर जायचे. त्यांचंही तुझ्याकडे काही गाऱ्हाणं असेल, तेही ऐक.

आणि त्या रात्रीबद्दल. चाळीस अंशांच्या खाली, वारा अंगावर ओरडत होता, एका लाटेने बोट पार आडवी केली. डोलकाठी पाण्याला टेकली. मी केबिनच्या भिंतीवर उभा, कारण भिंतच जमीन झाली होती. बरणी फुटून तूरडाळ तोंडावर, कुठून तरी पाणी येतंय. बोटीच्या तळाला शिशाचं वजन असतं, त्यामुळे ती आडवी पडली तरी पुन्हा उठते. बांधणाऱ्या मिस्त्रीने हे मला कागदावर काढून दाखवलं होतं. त्या वेळी कागद आठवला नाही. "देवा" एवढंही पुरतं म्हणून झालं नाही आणि ती उठली. अर्ध्या हाकेला आलास. पुढे कित्येक दिवस तूरडाळीचे दाणे सापडत होते: बिछान्यात, बुटात, होकायंत्राच्या खाचेत. दाणा सापडला की तुझं नाव घ्यायचो. शेवटी तर मुद्दाम शोधायचो.

इथे दाणे सांडत नाहीत, देवा. इथे सगळं डब्यात असतं. तुझं नाव घ्यायला मला दुसरं काही निमित्त दे. वादळ नको. लहानसं काहीही चालेल.

आता जे कोणाला बोललो नाही ते सांगतो. किनारा एका रात्रीवर राहिला होता. वायव्येचा वारा छान भरला होता, बोट घरची वाट ओळखून निघाली होती. आणि मी उठून मोठं शीड खाली घेतलं. सॅटेलाइट फोनवर घरी कळवलं, वारा पडलाय, उद्या येतो. वारा होता, म्हाराजा. तुझ्यापासून काय लपवणार, तूच तो धाडला होतास. मलाच यायचं नव्हतं. कॅलेंडरवर दिवस खोडत बसलेली आई, ओटी भरून ठेवलेली देवी, सगळं आठवत होतं आणि तरी यायचं नव्हतं. रात्रभर नुसता तरंगत राहिलो. पहाटे मतलई वारा सुटला, आणि दीपगृहाचा दिवा दिसायच्या आधी वास आला: भाजावळीचा धूर, शेण, वाळत घातलेली मासळी. इतक्या महिन्यांनी माती नाकात शिरली. मी रडलो. ते कशाचं रडू होतं, घराच्या ओढीचं की दर्या सुटल्याचं, हे माझं मला ठरवता आलं नाही. तुला ठाऊक असेल तर सांगू नकोस. फक्त दोन्हींना जवळ घे.

मी एकटाच तसा नाही, हेही तू पाहिलंयस. 1968 साली इंग्लंडहून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायची पहिली शर्यत लागली, तेव्हा 9 जण निघाले होते. त्यातला तो फ्रेंच, बर्नार्ड मोइतेसिए, केप हॉर्न ओलांडून घरच्या वाटेला लागायचा तो लागलाच नाही. केप टाउनजवळ एका जहाजावर त्याने गलोलीने चिठ्ठी भिरकावली की मी पुढेच जातोय, आणि पुन्हा अर्धी पृथ्वी कापून ताहितीला गेला. घरी बायको वाट बघत होती. मीही केप टाउनच्या त्याच पाण्यातून गेलो. त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. माझी ती एक रात्र तू पाहिलीस. आणि तो डोनाल्ड क्रोहर्स्ट, जो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. 1969 च्या जुलैत त्याची बोट सापडली, आत तो नव्हता. परत यायची लाज त्याला समुद्रापेक्षा खोल वाटली असावी. त्याला तू पदरात घेतलंस ना? घेतलं असशीलच. मी आपलं विचारतो.

शर्यत पुरी केली एकाच माणसाने. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला फाल्मथला परतला, तोही मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहैली'तून. मुंबईच्या सुतारांच्या हातांवर तुझा हात होता. पण मला तो आठवतो तो फेरीसाठी नव्हे. बक्षिसाचे 5,000 पौंड त्याने क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकले. तो खरा किनाऱ्याला लागला, देवा. मी अजून लागलेलो नाही. नांगर पडलाय एवढंच.

मला किनाऱ्याला लाव.

शाली पुरे झाल्या, म्हाराजा, एवढं एक कोणाला तरी सुचव. परवा सत्काराला फलक लावला होता, 'दर्याला नमवणारा सुपुत्र'. मला तिथून पळून जावंसं वाटलं. दर्याला कोण नमवतो? दर्याने मला जाऊ दिलं, कारण मी त्याच्या खिजगणतीत नव्हतो. तिथे मध्यरात्री डेकवर उभं राहिलं की वर तारे, खाली पाण्यात चमचमणारे जीव, आणि मध्ये मी, हातात चहाचा कप घेऊन, कोणालाच न लागणारा. ते न लागणं फार सुखाचं होतं. तेवढा लहान मला इथेही राहू दे. फलकाखाली उभा असतानाही राहू दे.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? खायचास काय? आता पुढे काय? पाठ केलेली तीन उत्तरं देतो आणि मान हलवतो. चार जण एकदम बोलले की ऐकूच येत नाही, नुसता गोंगाट होतो. टेबलावर हात आपटून कोणी हसलं की दचकतो. कुकरची शिट्टी झाली की अलार्म समजून उठतो. चुलत भाऊ इंजिनाच्या कर्जाचं सांगत होता आणि मी खिडकीतून ढग मोजत होतो. त्याने बोलणं अर्ध्यावर सोडलं. मला कान दे, देवा. बोटीचा एक दोर ढिला झाला तरी झोपेत कळायचं. माणसाचा आवाज ढिला पडलेला कळू दे.

लोक म्हणतात एकट्याने केलंस. एकट्याने काय केलं? 2018 च्या सप्टेंबरात, तशाच एका शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात आपल्या अभिलाष टॉमीची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला, त्याला जागचं हलता येईना. तेव्हा आयरिश ग्रेगर मॅकगकिन त्याच्याकडे वळला. त्याची स्वतःचीही डोलकाठी त्याच वादळात गेली होती. जोडून-बांधून उभ्या केलेल्या शिडावर तो निघाला होता. शेवटी फ्रेंचांचं 'ओसिरिस' हे मासेमारीवर गस्त घालणारं जहाज आलं आणि त्याने दोघांनाही उचललं. टॉमी पुन्हा उभा राहिला आणि 2022 ला पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, हे सगळं जग जाणतं. मी मात्र त्या मोडक्या शिडाचा विचार करतो, जे दुसऱ्यासाठी वळलं होतं. तशी बुद्धी मला दे.

परवा तुझ्यापुढे गाऱ्हाणं घातलं. मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला आणि माझ्यासाठी बोलायला लागले: पोर सुखरूप आणलंस, असंच सांभाळ, वाटेतली इडापिडा दूर कर. आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी हादरलो. समुद्रावर गाऱ्हाणं मीच घालायचो आणि "व्हय म्हाराजा" पण मीच म्हणायचो, नाही तर कोणीच म्हणायचं नाही. तेवढं मला तिथे पुरत होतं. पण माझ्या नावाने शंभर घसे एकदम हुंकारले तेव्हा पायाखालची जमीन पहिल्यांदा क्षणभर हलायची थांबली. त्यानंतर दुसऱ्याचं गाऱ्हाणं आलं, तिसऱ्याचं आलं, आणि माझ्या तोंडून हुंकार उशिरा येत होता. सगळ्यांचा संपल्यावर माझा. शेजारच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. माझा आवाज त्यांच्या आवाजात बसव, देवा. एवढंच मागणं मोठं आहे. बाकीची बारीकसारीक.

चुलत भावाचं इंजिनाचं कर्ज आहे. जून-जुलैची मासेमारी बंदी आहे, होड्या शाकारून वर ओढल्यात, घरात येणं काही नाही. बंदी उठली की त्याला दोन महिने तरी बरे जाऊ देत. रापणीला तारली लागू दे. रात्री दिव्यांचा झगमगाट करून मासळी उपसून नेणाऱ्या बाहेरच्या बोटी आहेत, त्यांचं काय करायचं ते तू बघ. आईचे गुडघे दुखतात. ती स्वतः सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. पुजारीबुवांच्या नातवाला नोकरी लागू दे, पण गावापासून फार लांब नको.

आणि शेजारची दहावीतली पोर आहे. बाकीचे तेच तीन प्रश्न विचारतात. ती येते आणि विचारते, वाऱ्याच्या तोंडावर बोट पुढे कशी जाते? काल अंगणात काठी आणि जुनी चादर घेऊन तिला दाखवलं. तासभर बोललो, आणि ढग मोजले नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नारळी पौर्णिमा झाली, खाडी निवळली, की तिला लहान होडीत बसवून सुकाणू तिच्या हातात देणार आहे. तिच्या आईला अजून विचारलेलं नाही. त्या बाईंचा स्वभाव तुला माहीत आहे. तेवढं सांभाळून घे, म्हाराजा.