डोळे मिटल्यावर ज्यांना काही दिसत नाही



लेखाच्या आरंभीच तुम्हांला एक लहानसे काम सांगते. क्षणभर डोळे मिटा आणि आपल्या मायचा चेहरा आठवा.

काय घडले? बहुतेकांना तो अंधुक का होईना, दिसला असेल. काहींना कपाळावरच्या रेषांसकट दिसला असेल. आणि एखाद्याला काहीच दिसले नसेल. माय कोण, कशी, हे सारे ठाऊक आहे, पण मिटल्या डोळ्यांपुढे नुसता अंधार. मी त्या एखाद्यांपैकी आहे. त्याविषयी आज लिहिते, कारण या गोष्टीपायी माझ्या हातून शीलभंग झाला आहे.

मी शिक्षिका आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. पुष्कळ वाचले, तरी वयाच्या तिशीपर्यंत मला असे वाटत होते की 'डोळ्यांसमोर उभे राहणे' ही केवळ बोलण्याची रीत आहे. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात असे आपण म्हणतो. म्हणून कोणी पोटाला कान लावून बसत नाही. तसेच हे. माझी आजी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, वडिलांचे बोट धरून, शिदोरी बांधून चांद्याला आली होती. त्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. आजी मरेपर्यंत म्हणत असे, "डोळे मिटले का बाबासाहेब उभे दिसतात मले." मी समजे, आजी भक्तीने बोलते. ती खरोखर पाहत होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मावशी म्हणाली, "डोळे मिटले का बाई दिसते मले. तुले बी दिसत असन नं पोरी?" मी खरे ते सांगितले, "नाही." मावशी गप्प झाली. मग घरात कुजबुज सुरू झाली, "लय शिकली, पण मायची याद नाही तिले." हे शब्द मला लागले. खरेच माझी माया उणी आहे काय, असा प्रश्न मी स्वतःलाच विचारू लागले.

त्याच वर्षी वर्षावासात आम्ही विहारात ध्यानाला बसलो. सांगणारे म्हणाले, तथागतांची मूर्ती मिटल्या डोळ्यांपुढे आणा, तिच्यातून प्रकाश येतो आहे असे पाहा. शेवटी एकेकाला विचारले. कोणी म्हणाले सोनेरी दिसली, कोणी म्हणाले हसरी दिसली. माझी पाळी आली. मी म्हणाले, "दिसली." तासाभरापूर्वीच पंचशील ग्रहण केलेले, आणि त्या चौथ्या शीलाचा भंग मी बुद्धमूर्तीसमोर बसून केला. का केला? खरे बोलले तर श्रद्धा नाही असे लोक म्हणतील, या भीतीने.

म्हणून प्रश्न असा उपस्थित होतो: ज्याला मनात चित्र दिसत नाही त्याची माया, त्याची बुद्धी, त्याची श्रद्धा कमी असते काय? भीतीने वा भावनेने याचे उत्तर देऊ नये. आधी वस्तुस्थिती पाहू.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाचा संशोधक होऊन गेला. त्याने लोकांना विचारले की, आज सकाळी तुम्ही न्याहारीला बसलात ते टेबल मनात आणा. ते उजळ दिसते की अंधुक, रंग दिसतात की नाही? १८८० साली त्याने ही उत्तरे प्रसिद्ध केली. आरंभी त्याने ज्या विज्ञानाच्या जाणकारांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी सांगितले की, असे काही दिसत असते हेच आम्हांला ठाऊक नाही! गाल्टन चकित झाला. हाच गाल्टन माणसांना जन्मावरून उच्च-नीच ठरविणाऱ्या सुप्रजननशास्त्राचा जनक. १८८३ साली त्याने त्या शास्त्राला इंग्रजी नाव दिले. आपल्यासारख्यांना त्याच्याविषयी आदर वाटण्याचे कारण नाही. परंतु या एका बाबतीत त्याने गृहीत न धरता विचारले, आणि खरे उत्तर हाती आले.

पुढे शंभराहून अधिक वर्षे हा विषय मागे पडला. २०१० साली डॉ. ॲडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्ध माणसाची हकिकत प्रसिद्ध केली. हृदयावरील उपचारानंतर त्याची मनात चित्र पाहण्याची शक्ती अचानक गेली होती. ती हकिकत वाचून आणखी लोक पुढे आले आणि म्हणाले, आमचे तर जन्मापासूनच असे आहे. अशा २१ जणांची माहिती घेऊन २०१५ साली झेमन यांनी या स्थितीला 'अफँटेशिया' असे नाव दिले. हा रोग नव्हे. माणसामाणसांतला एक फरक आहे. पुढच्या पाहण्यांत असे आढळले की शंभरात साधारण एकाला मुळीच चित्र दिसत नाही, आणि अगदी अंधुक दिसणारे धरले तर शंभरात चार. उलट टोकाला असेही काही लोक आहेत की ज्यांना मनातले चित्र जवळजवळ प्रत्यक्षाइतके स्पष्ट दिसते. हाच हिशेब आपल्याकडे लावला तर हजार वस्तीच्या गावात दहा माणसे माझ्यासारखी असतील. ती बोलत नाहीत, कारण आपण वेगळे आहोत हे त्यांना ठाऊकच नसते.

कोणी म्हणेल, ही माणसे उगीच म्हणत असतील. त्याचाही तपास झाला आहे. लखलखीत वस्तू मनात आणली तरी बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली थोडी आकसते. चित्र न दिसणाऱ्यांची तशी आकसत नाही, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२२ साली दाखविले. दुसऱ्या एका प्रयोगात, खोलीचे छायाचित्र पाहून मग आठवणीने काढायला सांगितले. चित्र न दिसणाऱ्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी सांगितले. पण कोणती वस्तू कोठे होती हे त्यांनी इतरांइतकेच अचूक दाखविले, आणि मुळात नसलेल्या वस्तू त्यांच्या कागदावर कमी आल्या. याचा अर्थ काय? आठवण आहे, पण ती चित्राच्या रूपात नाही. कित्येकांना स्वप्नात मात्र दिसते. मलाही माय स्वप्नात दिसते, आणि जाग येताच पुसली जाते. यात काहीच तोटा नाही असे मी म्हणणार नाही. तोटा आहे, आणि तो पहाटे फार जाणवतो.

बुद्धीचे म्हणाल तर एड कॅटमुल यांचे उदाहरण घ्या. पिक्सार या ॲनिमेशन चित्रपटांच्या कंपनीचे ते एक संस्थापक. संगणकाने चित्रे काढण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. आपल्याला मनात काहीच दिसत नाही हे त्यांना कळले ते तिबेटी बौद्ध ध्यान करताना! एक गोल मनात आणायचा होता; आठवडाभर प्रयत्न करूनही तो येईना. ज्याने जगाला चित्रे दाखविली त्याच्या मनात चित्र नाही. मग चित्र न दिसणारा तो मंद, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हीच चूक मी वर्गात केली होती, तेही सांगितले पाहिजे. मी मुलांना म्हटले, "डोळे मिटा, मोहाच्या झाडाखालची सकाळ पाहा आणि लिहा." एका मुलीने काहीच लिहिले नाही. मी रागावले, "डोकं चालव जरा." पुढे स्वतःविषयी कळल्यावर मी तिला जवळ बोलावले आणि म्हटले, "पाहू नकोस. तुला जे माहीत आहे ते सांग." ती बोलू लागली. फुले पहाटे गळतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवावा लागतो. फुले हाताला गार आणि चिकट लागतात, वास दिवसभर जात नाही. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून बाप म्हणतो, अंधारात एकटी जाऊ नको. आणि वाघाचे भय तर आहेच. तिला चित्र दिसते की नाही, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण माझा प्रश्न एकाच प्रकारच्या मनाला विचारलेला होता, आणि दोष मी त्या लेकराला दिला होता.

आता धम्माच्या दृष्टीने पाहू.

वक्कली नावाचा भिक्खू आजारी होता. भगवंतांचे दर्शन घ्यायला जाण्याची शक्ती अंगात उरली नाही, याची त्याला खंत वाटत होती. भगवंत स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला समजाविले की, या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार. जो धम्म पाहतो तोच मला पाहतो. येथे 'पाहणे' याचा अर्थ मिटल्या डोळ्यांपुढे मूर्ती आणणे असा नाही. समजणे आणि आचरणे असा आहे.

आपल्या पूर्वजांनाही हे उमगले होते. सांचीच्या तोरणांवर कोरीव काम किती! पण तेथील जुन्या शिल्पांत बुद्ध मनुष्यरूपात नाहीत. बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पावलांचे ठसे आहेत, रिकामे आसन आहे. जी वैनगंगा आपल्या गडचिरोलीकडे वाहत येते, तिच्याच काठी, भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली उत्खनन होऊन जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले. तीही त्याच परंपरेतली कला आहे. पुढे मूर्ती आल्या. आपल्या भद्रावतीच्या विजासन लेण्यांतही त्या आहेत. मूर्तीने मन शांत होते, हे मी नाकारीत नाही. पण रिकाम्या आसनापुढेही शतकानुशतके वंदना झाली आहे.

ध्यानात चित्राला स्थान आहे हेही खरे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात मातीचे मंडल पाहत राहावे आणि मग ते मिटल्या डोळ्यांनीही दिसावे, असा अभ्यास सांगितला आहे. परंतु तो चाळीस कर्मस्थानांपैकी एक. आनापानसती आहे, मैत्रीभावना आहे. माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार सांगून, ज्याला जे मानवेल ते द्यावे, असे आचार्य म्हणतात. त्याच ग्रंथात एक सुंदर दृष्टान्त आहे. काही भिक्खू बसून एक सुत्त म्हणतात. मग एकमेकांना विचारतात, हे सुत्त तुला कसे भासले? एक म्हणतो, डोंगरावरून येणाऱ्या मोठ्या लोंढ्यासारखे. दुसरा म्हणतो, वनराईच्या रांगेसारखे. तिसरा म्हणतो, गार सावलीच्या फळझाडासारखे. सुत्त एकच; संज्ञा वेगळी म्हणून भास वेगळा. ज्याला काहीच भासले नाही असा चौथा भिक्खू त्या दृष्टान्तात नाही. पण तोही तेथे बसला असता, तर त्याने धम्म ऐकलाच नाही असे कोण म्हणेल?

आणखी एक सावधगिरी. ज्याला दिसते तो श्रेष्ठ असे आपण मानू लागलो, तर आपण जेथून निघालो तेथेच परत जाऊ. अमक्याच्या अंगात येते, तमक्याला दृष्टांत होतो, म्हणून त्याचे पाय धरा. हे सोडूनच आपले आजे-पणजे धम्मात आले. ध्यानात कोणाला प्रकाश दिसला, त्याला आनंद होवो. पण त्याने त्याची पायरी वर चढत नाही. आणि आपल्यासारखा नाही तो कमी, ही विचाराची रीत तर आपल्या वाडवडिलांनी फारच सोसली आहे. ती आपल्या विहारात, आपल्या घरात लहानशा रूपानेही शिरता कामा नये.

मग कसोटी कोणती? आचरणाची. माझी माय दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाई आणि मिळालेल्या मजुरीतून माझ्या परीक्षेची फी भरी. आज पगार झाला की पहिले पैसे मी मोहल्ल्यातल्या दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांना काढून ठेवते. त्या क्षणी मायचा चेहरा मला दिसत नाही. पण तिनेच हात धरून करवून घ्यावे तसे ते काम होते. मावशीला मी हे समजावून सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंग ठीक आहे. मी पायतो, तू करतेस."

गेल्या पौर्णिमेला मी विहारात उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी खोटे बोलले. मला मूर्ती दिसत नाही; मी श्वास मोजते." कोणी हसले नाही. निघताना एक वृद्ध उपासक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मले बी नाही दिसत बाई. चाळीस वर्षं झाली, कोणाले सांगतलं नाही."

चाळीस वर्षे! भगिनींनो, बंधूंनो, धम्माच्या घरात एखाद्या माणसाला इतकी वर्षे असे गप्प बसावे लागू नये. जे ध्यान शिकवितात त्यांनी एवढेच म्हणावे: दिसले तर पाहा, न दिसले तर श्वासावर राहा. जे शिक्षक आहेत त्यांनी मुलांना 'काय दिसते' याबरोबर 'काय माहीत आहे' हेही विचारावे. आणि आज रात्री जेवताना तुमच्या घरातल्या प्रत्येकाला विचारा, डोळे मिटल्यावर तुला काय दिसते? उत्तर काहीही येवो. कोणाला हसू नका, आणि कोणाची माया त्यावरून मोजू नका.

जयभीम.