स्वमग्न मूल आणि समाजाचे बोलणे

दुःखी माणसाशी खरे बोलावे, की त्यास बरे वाटेल असे बोलावे, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. ग्रंथांत तो सोपा वाटतो. परंतु एखाद्या घरचे तीन वर्षांचे मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही, येऊ लागलेले शब्द विसरते, तासन् तास एकच झाकण फिरवीत बसते. तेव्हा त्या घरी काय बोलावे हे भल्याभल्यांस सुचत नाही. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हां लोकांपुढे तो जुना प्रश्न आज या रूपाने उभा आहे.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. ज्या कानडीत आपले बाहेरचे व्यवहार चालतात, तिच्यात स्वलीनते. दोन्ही शब्द सुंदर आहेत, आणि म्हणूनच थोडे फसवेही आहेत. मग्न, लीन असे शब्द कानी पडताच आपल्यापुढे समाधीचे चित्र उभे राहते. वस्तुतः ही ना समाधी, ना बाधा. मेंदूच्या घडणीतील हे वेगळेपण आहे आणि त्याचे मूळ जन्मापूर्वीच पडलेले असते. अशा मुलास आवाज, स्पर्श, उजेड हे आपल्याहून फार अधिक किंवा फार उणे जाणवतात. दुसऱ्याच्या मुद्रेचा अर्थ चटकन लागत नाही. रोजचा क्रम मोडला की त्याचा जीव घाबरा होतो. त्यास माणसे नकोशी असतात असे नव्हे. माणसांकडे जाण्याची त्याची वाट निराळी असते.

अशा मुलाविषयी आपल्यांत तीन रीतींनी बोलले जाते. एक, दोष देऊन: पूर्वजन्मीचे पाप, चुकलेला कुळाचार, आईचे दुर्लक्ष. दुसरी, खोटा धीर देऊन: याचा मामाही उशिराच बोलू लागला होता, होईल सारे ठीक. आणि तिसरी रीत मौनाची. लग्नाचे बोलावणे येते, परंतु मुलास घेऊन या असे कोणी म्हणत नाही. आणि घरची माणसेही थोरल्या मुलीचे लग्न जमेपर्यंत त्यास आतल्या खोलीत ठेवतात.

दोष देण्याची खोड केवळ भाविकांचीच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे निरीक्षण करून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे तेथील विद्वानांनी आईच्या मायेचा अभाव हेच याचे कारण ठरविले होते. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून ते मत खोडून काढले. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा मोठा वाटा दिसून आला. न समजलेल्या गोष्टीस एखादा अपराधी सापडला की मनुष्यास स्वस्थता लाभते. परंतु या स्वस्थतेचे मोल त्या आईस द्यावे लागते.

यावर कोणी विचारील, मग आम्ही कर्मसिद्धान्त सोडावा काय? तसे आमचे म्हणणे नाही. परंतु तो सिद्धान्त आपल्या आचरणास वळण लावण्याकरिता आहे, शेजाऱ्याच्या मुलाचा हिशेब मांडण्याकरिता नव्हे. ते मूल आपल्यामध्ये जन्मास आले, तर आपले कर्तव्य कोणते, एवढाच प्रश्न त्यातून आपणांसाठी निघतो.

भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. बाधा झाली असे मानलेल्या माणसांस तेथे आरतीच्या वेळी आणण्याची रीत जुनी आहे, आणि स्वमग्न मुलाच्या आईबापांस तीच वाट दाखविणारेही भेटतात. श्रद्धेची थट्टा आम्ही करणार नाही. थकलेल्या मातेस पादुकांपुढे मिळणारे बळ खरे असते. परंतु ही बाधा नव्हे, आणि घंटानादाच्या कल्लोळात मुलास बळे धरून ठेवल्यास त्यास यातना होऊ शकतात, हे तिला कोणी आपल्या माणसाने सांगावयास हवे. नवस अवश्य बोलावा; त्यासाठी तपासणी मात्र लांबवू नये. स्वमग्नता घालविणारे औषध नाही. परंतु लहानपणी योग्य शिक्षण मिळाल्यास शब्दांनी, खुणांनी वा चित्रांनी मागणे, हाताने जेवणे, कपडे घालणे अशा गोष्टी साधण्यास पुष्कळ साहाय्य होते. घरी मराठी वा कोंकणी बोलल्याने मुलाचा गोंधळ वाढतो, ही समजूतही अभ्यासांत टिकलेली नाही. आईने आपली भाषा टाकू नये.

खरे बोलावयाचे तर पुढचा मार्गही ठाऊक हवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीची सोय आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस प्रकारांत आले. आणि ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा जो प्रश्न आईबाप मध्यरात्री एकमेकांस विचारतात, त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांपुढील व्यक्तीस जिल्ह्याच्या समितीमार्फत पालक नेमण्याची तरतूद केली आहे.

मात्र सत्याच्या नावाखाली आघात करण्याचा अधिकार कोणास नाही. जे पाहिले तेवढेच सांगावे, एकांतात सांगावे. निदान करणे वैद्यांवर सोपवावे. मुलासमोर त्याची चर्चा करू नये. त्यास बोलता येत नाही म्हणून ऐकू येत नाही असे नव्हे. आणि सांगण्यापूर्वी विचारावे: रात्री झोप लागते काय? तो काय खातो? तुम्ही शेवटच्या घराबाहेर केव्हा पडलात? घराचे स्वास्थ्य अशा लहान गोष्टींवरच अवलंबून असते.

देवालयासही येथे काम आहे. हुमनाबादजवळ माणिकनगरास श्रीमाणिकप्रभु संस्थानाने अंध मुलांसाठी निवासी शाळा चालविली आहे. अशा मुलांचे हित हे देवकार्यच होय, याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. स्वमग्न मुलांसाठी प्रारंभी पैसाही फारसा नको. गर्दीपूर्वी अर्धा तास शांत दर्शन, ढोल-झांजांपासून दूर एक कोपरा, आणि आई कीर्तन ऐकत असताना मुलाजवळ बसणारा एखादा समजूतदार माणूस, एवढ्याने आरंभ होईल. मूल मधेच ओरडले तर पुजाऱ्याने मागे वळून रागाने पाहू नये, आणि इतरांनी आईस ‘बसा, राहू द्या’ एवढेच म्हणावे. त्या दोन शब्दांत सत्यही आहे आणि सांत्वनही.