बेताचं जेवण, बेताची झोप आणि वेळेवर गोळी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

ध्यान कसं करावं हे सांगता सांगता भगवंत एकदम जेवणाखाण्यावर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि काहीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम आणि झोप बेतात आहे, त्याचंच दुःख योगाने दूर होतं.

आज हे श्लोक मी सायकोसिसमधून बरे होत असलेल्या आपल्या दादा-ताईंसाठी वाचतोय. भास थांबलेत, संशय ओसरलाय, नामात पुन्हा मन लागतंय. घरचे म्हणतात, "देवाची कृपा, सुटलो!" कृपा आहेच. पण शरीराचं काय?

ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी औषधं मन सावरतात, पण त्यांनी भूक आणि वजन वाढतं, साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. बऱ्याचदा कारण असतं हृदयविकारासारखा, टाळता आला असता असा शारीरिक आजार. आणि आपण मात्र सुटलेलं पोट बघून म्हणतो, "तब्येत सुधारली हं!"

मग माणूस घाबरून टोकाला जातो. एक तर गोळीच बंद करतो, म्हणजे आजार परतायला दार उघडं. नाहीतर कडक उपास आणि रात्रभर जागरण. झोप मोडली की आजार डोकं वर काढू शकतो. आणि उपासाचा फराळ म्हणजे साबुदाणा नि बटाटा. साखर वाढलेली असेल तर तोही जपूनच.

भगवंतांनी दोन्ही टोकं नाकारली आहेत. मधला रस्ता साधा आहे. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल हे औषध सुरू करताना तपासायचं, तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग दरवर्षी. वजन तर त्याहून जास्त वेळा. सर्व्हर नीट चालतोय म्हणून आपण मॉनिटरिंग बंद करतो का? सिगारेट सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून. कारण धूर बंद झाला की या दोन औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. वजन वाढत असेल तर तेही डॉक्टरांनाच सांगा. औषध बदलता येतं, त्याला पर्याय असतात.

एकादशीला भाजी-भाकरी खाऊन, गोळी घेऊन, दहाला झोपलात तर विठोबा रुसणार नाही. उपवास म्हणजे त्याच्याजवळ राहणं. उपाशीपोटीच राहिलं पाहिजे असं नाही.

आजचा संकल्प : आपल्या सत्संगात असं कुणी असेल तर त्याला जागरणाचा आग्रह करू नका. संध्याकाळी अर्धा तास त्याच्यासोबत चालायला जा, नाम घेत. आणि मनाच्या त्रासाबद्दल कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मोफत, रात्रंदिवस.

पांडुरंगा, तू दिलेलं मन जपतोय, तू दिलेला देहही जपायची बुद्धी दे.

रामकृष्ण हरी!