वाटा मागण्याआधी हात लावा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वैशाख अर्धा सरला. ज्यांची मूळ घरं गोव्यात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे किंवा घाटावर खानापूर-बेळगाव भागात आहेत, त्यांना हे दिवस कसले असतात ते सांगायला नको. खाली गोव्यात पुरुमेताची घाई. पुरुमेत म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल अशी बेगमी. मीठ, मिरची, चिंच, आमसोलं, साठं, पापड, लाकडं, सगळं पावसाच्या आत घरात यायला हवं. शब्द पोर्तुगीजांच्या काळातला, पण पावसाळ्याआधी घर भरून ठेवायची रीत त्याहून जुनी. वर खानापूरकडे ढेकळं फोडून धूळवाफ पेरणीची तयारी. आभाळात ढग नाही, जमीन कोरडी, आणि शेतकरी वर्षभर जपलेलं बियाणं त्या धुळीत सोडतो. पाऊस येणारच, या एका भरवशावर! आपण तासन्‌तास ध्यानाला बसतो, पण एवढा विश्वास आपल्या बसण्यात असतो का, हे ज्यानं त्यानं बघावं.

तर मंडळी, या दिवसांतल्या एका कामाचं उदाहरण घेऊ. भिरंडं, म्हणजे रातांबे. झाडावर पिकलं की भिरंड कुणासाठी थांबत नाही. उतरवायची, खाली पडलेली वेचायची, धुवायची, फोडायची. बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची आणि परत उन्हात. एकदा करून भागत नाही, लागोपाठ कितीतरी दिवस हेच. संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, सकाळी परत बाहेर. बिया टाकायच्या नाहीत, वाळवून ठेवायच्या. त्यांचं भिरंडेल निघतं, तेच पुढे फुटलेल्या टाचांना लावायचं. एवढं झालं की मूठभर आमसोलं बरणीत जातात. शिवाय फणस फोडायचे, आठळ्या जपून ठेवायच्या, चिंच सोलून मीठ लावून गोळे करायचे, नारळ पाडून घ्यायचे, नळे परतायचे, झापं बांधायची, हे वेगळंच.

आणि यात मुदत पाळावी लागते. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजीच केरळात पोचला. एरवी तिथला दिवस १ जून धरतात. त्या वर्षी आपल्या भागातही मे महिन्यातच पावसानं धरलं. ज्यांच्या चटया अंगणात पसरलेल्या होत्या त्यांची धावपळ आठवा. पावसाला आपलं कॅलेंडर ठाऊक नसतं.

मागच्या सत्संगात डिचोलीकडच्या एका ताईंनी महाराजांना याच कामावरून एक प्रश्न विचारला. तो आपल्यातल्या पुष्कळ घरांचा आहे, म्हणून इथे देत आहोत.

ताई म्हणाल्या, "महाराज, भिरंडं, फणस, चिंच, सगळं मी एकटी करते. सासूबाईंना आता वाकवत नाही. एक दीर बडोद्याला, धाकटे वास्कोत, नणंद हैदराबादला. मे संपत आला की फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो, 'वहिनी, आमचा डबा कधी?' यंदा मी ठरवलंय, डबे भरायचे नाहीत. माझं चुकतं का?"

मंडपात थोडं हसू झालं. महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाय, राग कशाचा आहे? वाटा मागतात त्याचा, की हात लावत नाहीत त्याचा?"

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हात लावत नाहीत त्याचा."

"मग डबा बंद केल्यानं हात येतील का? डब्याच्या निमित्तानं तरी त्यांना घर आठवतं. तेवढा धागा आहे, तो तोडू नकोस. पण गप्प बसून राबायलाही मी तुला सांगणार नाही. यंदा ग्रुपवर तूच आधी लिही. भिरंडं पिकली, अमक्या दिवशी उतरवणार, कोण कोण येतंय? ज्याला यायला जमत नाही त्याला विचार, पाडेल्याची मजुरी कोण देणार?"

"आणि कोणीच आलं नाही तर?"

"तर तुझ्या हातून जेवढं होईल तेवढंच कर. उरलेलं झाडाखाली राहू दे. पाखरं खातील, माती खाईल. झाडानं दिलेलं सगळंच्या सगळं एकटीनं गोळा करायचं, असं देवानं कुणाच्या पाठीवर लिहून पाठवलेलं नाही. आणि डबे भरशील तेव्हा मनात कडू ठेवून भरू नकोस. कडू मनानं द्यायचं असेल तर थोडं कमी दे, पण गोड मनानं दे."

त्यानंतर महाराजांनी जे निरूपण केलं त्याचा सारांश असा.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी एक चक्र सांगितलं आहे. प्राणी अन्नापासून होतात, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून. म्हणजे ताटातल्या घासाच्या मुळाशी कुणाचं तरी कर्म आहे. त्याच ठिकाणी भगवंत आणखी सांगतात, की दिलेलं परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर समजावा. शब्द कडक आहे. आपण म्हणतो, हे देवांना नैवेद्य न दाखवणाऱ्यांसाठी असेल. पण ज्या हातांनी अन्न तयार झालं ते हातही देवाचेच ना? त्यांना काही परत न देता आपण सोलकढी पीत असू, तर तो शब्द आपल्यापर्यंत पोचतो की नाही?

आता संतांकडे बघा. जनाबाईचं दळण. परंपरा सांगते, की पांडुरंग तिच्याजवळ आला आणि जात्याचा खुंटा धरून दळू लागला. तो येऊन "जनी, पीठ झालं का?" असं विचारत उभा राहिला नाही. सावता माळ्यांना अरणच्या मळ्यात विठ्ठल भेटला तो त्यांचं काम चालू असताना. संतांच्या घरी देव आला की कामाच्या जागी येतो. तर देवाची भक्ती करणाऱ्यांनी आपल्याच घरी कामाच्या वेळी लांब राहावं आणि ताट मांडल्यावर जवळ यावं, हे शोभतं का?

कुणी म्हणेल, नोकरी आहे, रजा नाही, गाडीचं तिकीट मिळत नाही. खरं आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादहून दर वैशाखात येणं सोपं नाही. महाराज हेही म्हणाले, की हात लावणं म्हणजे सालं फोडणंच असं नाही. जो येऊ शकतो त्यानं यावं. जो येऊ शकत नाही त्यानं निदान कामाचा माग ठेवावा. आज किती चटया पडल्या, ढग आले का, पाठ दुखते का, एवढं विचारणारा माणूस लांबून हात लावतो. "डबा कधी?" एवढंच विचारणारा हिशेब मागतो.

पुरुषमंडळींसाठीही एक शब्द. नळे परतले, लाकडं भरली, कुंपण झालं की ते चारचौघांना दिसतं. बायकांचं काम बरणीत जाऊन बसतं, म्हणून ते दिसत नाही. तेव्हा भिरंडं फोडायला बसण्यात कमीपणा मानू नये. रसानं बोटं लाल झाली तर होऊ द्यावीत.

आणि जे घर सांभाळून आहेत त्यांनीही एवढं करावं. मनातल्या मनात "मीच करते, मीच करतो" म्हणत राहिलं की सेवेचं ओझं होतं. ओझं झालं की बोलून दाखवावं, वेळेवर बोलावं, मिरची सुकायच्या आधी बोलावं. पाऊस पडून गेल्यावर केलेली तक्रार कुणाच्या उपयोगी पडत नाही.

या पंधरवड्याचं साधन असं ठरलं आहे:

१. नामस्मरण नेहमीप्रमाणे. त्यासोबत रोज एक काम घरातल्या ज्येष्ठांच्या हातून आपल्या हाती घ्यावं. चटई उचलणं असो, की सरपण आत आणणं.

२. लांब असणाऱ्यांनी मूळ घरी फोन करून काय काय राहिलं आहे ते विचारावं. मजुरीचा, गाडीचा किंवा बरण्यांचा खर्च आपण होऊन उचलावा. कुणी मागेपर्यंत थांबू नये.

३. मुलांना सुट्टी आहे. त्यांना एक दिवस तरी झाडाखाली वेचायला बसवावं. आमसूल दुकानाआधी कुठून येतं ते त्यांना कळू द्यावं.

४. डबा पोचला की तो उघडण्याआधी देवापुढे ठेवावा, आणि ज्यांनी भरला त्यांना त्याच दिवशी फोन करावा. ग्रुपवर नुसते हात जोडलेले चित्र टाकून भागवू नये.

५. ज्या घरी भावाभावांत जमिनीवरून, घरावरून बोलणं बंद आहे, त्यांनी निदान या कामापुरतं एकत्र यावं. एका झाडाची भिरंडं एकत्र फोडताना माणसं फार वेळ गप्प राहत नाहीत.

मृग जवळ आला आहे. सगळ्यांच्या अंगणातलं पावसाआधी घरात येवो, धुळीत पेरलेलं वेळेवर उगवो, आणि बरणी भरणाऱ्या हातांना या वर्षी सोबत मिळो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

हा संदेश आपल्या फॅमिली ग्रुपवर जरूर पाठवा. पाठवण्याआधी घरी एक फोन तेवढा करा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥