देहाची हाक ऐकणे हीसुद्धा सेवाच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या सप्ताहात इंदूरच्या आपल्या मंडळातले एक काका पारायणाच्या आसनावरून सारखे उठत होते. "वय झालं आता," म्हणाले. तांब्याभर पाणी पिऊनही घशाला कोरड. अनवाणी प्रदक्षिणेत पायाला झालेली जखम दोन महिने भरली नव्हती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण विचारलं कोणीच नाही. शेवटी सूनबाईंनी हट्टाने रक्त तपासून घेतलं. उपाशीपोटी साखर 290! ही चूक एकट्या काकांची नाही, आम्हा सर्वांची आहे.

देह नश्वर, हे खरं. पण नाम घ्यायचं ते याच देहाने. समईची काजळी आपण रोज काढतो, मग देहाकडे दुर्लक्ष का?

रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीतून जाऊ लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून तहान. शरीराला ती साखर नीट वापरता येत नाही, म्हणून थकवा आणि खाऊनही वजन उतरणं. धूसर दिसणं, खाज, जखम न भरणं, पायाला मुंग्या याही खुणाच. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणी हवीच. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे सावध व्हा. 126 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासून खात्री करा.

आणि साखर वाढलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी असेल, तर अंगारा कपाळी लावा आणि त्याच क्षणी दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका. श्रद्धा आणि उपचार यांचं भांडण नाही.

दोन विनंत्या. कोणी "साखर आहे" म्हणालं तर प्रसादाचा आग्रह नको, कणभर प्रसादही पूर्णच असतो. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका.

येत्या गुरुवारी आरती झाली की घरातल्या मोठ्यांजवळ बसा आणि एवढंच विचारा, "रात्री किती वेळा उठावं लागतं हो?" तेवढी सेवा महाराजांच्या चरणी रुजू होईल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥