चापावरच्या बोटाआधी

आपण स्वतःहून मनगट हलवतो, त्याच्या आधीच मेंदू कामाला लागलेला असतो. फ्रायबुर्गमध्ये कॉर्नह्यूबर आणि डीके यांनी १९६५ साली हे दाखवले. स्वतःहून केलेल्या हालचालीपूर्वी मेंदूतला एक मंद विद्युत्संकेत चढत जातो. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन लिबेट यांनी त्याला वेळेचे माप लावले. तयारी हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते आणि ‘आता हलवावे’ ही जाणीव जेमतेम २०० मिलिसेकंद आधी होते. माणसाची इच्छा हा निव्वळ भास आहे, असा निष्कर्ष अनेकांनी यावरून काढला. मला तो मान्य नाही. कारण शोधायला नाशिकबाहेर जावे लागत नाही.

२१ डिसेंबर १९०९. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे औरंगाबादेत शिकणाऱ्या, विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ते कृत्य योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण निर्णय चाप ओढण्याच्या अर्ध्या सेकंदात झाला, असे कोण म्हणेल? जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हापासून मने पेटली होती. पिस्तुले लंडनहून आली होती. कान्हेरेचा नेम चुकला तर गोळी कोणी झाडायची, हेही ठरले होते. अर्ध्या सेकंदात उरला होता तो फक्त क्षण.

लिबेटच्या प्रयोगात मात्र मनगट आत्ता हलवले काय आणि नंतर हलवले काय, कुणाचेच काही बिघडत नव्हते. २०१९ मध्ये उरी माओझ व सहकाऱ्यांनी लोकांना खऱ्या संस्थांना खऱ्या देणग्या द्यायला लावल्या. निवड बिनमहत्त्वाची असताना तो चढता संकेत दिसला; देणगी कोणाला मिळणार हे खरोखर ठरणार होते, तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही. मेंदूच्या आलेखावरून माणसाची जबाबदारी पुसू पाहणाऱ्यांनी हा फरक आधी नीट वाचावा.

नाशिकच्या खटल्यात न्यायालयानेही फक्त चापावरचे बोट पाहिले नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. गोळ्या एकट्या कान्हेरेने झाडल्या होत्या.