अंगुस्तान, सावत्र आई आणि धुळीचे पान

हृदय अशक्त झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर आजही डिगॉक्सिनची गोळी देतात. या गोळीच्या नावात शिवणकामाचे अंगुस्तान दडलेले आहे. ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात वैद्यक शिकवणारे लेओनहार्ट फुक्स यांचा वनस्पतींवरचा लॅटिन ग्रंथ 1542 साली बाझेलमध्ये छापला गेला. त्यात पाचशेहून अधिक चित्रे होती. लांबट, खाली झुकलेल्या जांभळ्या फुलांच्या एका झाडासाठी मात्र त्यांना ग्रीक वा रोमन ग्रंथांत नाव मिळेना. जर्मन माणसे त्या झाडाला ‘फिंगरहूट’ म्हणत होती. फिंगर म्हणजे बोट, हूट म्हणजे टोपी. बोटाची टोपी, म्हणजे आपले अंगुस्तान. फुक्स यांनी लोकांचाच शब्द उचलला आणि बोट या अर्थाच्या ‘डिजिटस’वरून ‘डिजिटॅलिस’ हे नाव घडवले. 1785 साली इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. पुढे तिच्या कुळातून औषधे निघाली, आणि शिवणकामाच्या टोपलीतला शब्द जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोचला.

शास्त्रीय नाव तेवढे खरे आणि लोकांच्या तोंडचे नाव म्हणजे त्याचे कच्चे, गावठी रूप, अशी आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाची समजूत असते. फिंगरहूटच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. आधी पाहणाऱ्यांनी नाव ठेवले, मग पंडिताने ते स्वीकारले. जर्मन वनस्पतिनामांकडून आपण काही शिकायचे असेल तर ते हेच, असे मला वाटते.

फुक्स यांच्या आधी तीन वर्षे, 1539 साली, हिएरोनिमुस बोक यांचे वनस्पतींचे पुस्तक आले. ते जर्मनमध्येच लिहिलेले होते. पहिल्या आवृत्तीत चित्रे नव्हती, त्यामुळे प्रत्येक झाड शब्दांनीच उभे करणे भाग होते. पान कसे, देठ कसा, कुठल्या जमिनीत येते, कधी फुलते, हे सगळे त्यांना घरादारातल्या, शेतातल्या भाषेत सांगावे लागले. त्या भाषेत हे सांगता येते, याचा तो पुरावाच होता.

ही भाषा किती बारकाईने पाहते, ते एका फुलावरून दाखवतो. हिवाळ्यात आपल्याकडच्या नर्सरीतही मिळणारी पॅन्सी घ्या. जर्मनमध्ये तिला ‘श्टीफम्यूटरशेन’ म्हणतात, म्हणजे छोटी सावत्र आई. हे नाव का, ते फूल समोरून पाहून कळत नाही, ते उलटे करावे लागते. खाली एकच मोठी, सर्वांत भडक पाकळी असते, ती सावत्र आई. दोन बाजूंच्या दोन पाकळ्या तिच्या सख्ख्या मुली, आणि वरच्या दोन सावत्र मुली. मागे हिरवी निदले पाच, त्या बसायच्या खुर्च्या. आई दोन खुर्च्या अडवून बसली आहे, सख्ख्या मुलींना एकेक खुर्ची मिळाली आहे, आणि वरच्या दोघी मिळून एकीवर कशाबशा टेकल्या आहेत. गोष्ट दुःखाची आहे, सावत्र आयांवर अन्याय करणारीही आहे. पण ती ऐकलेले मूल पॅन्सीला पाच निदले असतात आणि ती पाकळ्यांच्या मागे कशी लागलेली असतात, हे विसरणार नाही. वनस्पतिशास्त्राचा एक धडा त्या नावातच आहे.

जर्मनांनी हा धागा शाळेतही तुटू दिला नाही. त्यांच्या पुस्तकांत निदलाला ‘केल्खब्लाट’ म्हणतात, म्हणजे पेल्याचे पान. पुंकेसर म्हणजे ‘श्टाउबब्लाट’, धुळीचे पान. अंडाशय म्हणजे ‘फ्रुख्टक्नोटेन’, फळाची गाठ. कुक्षीवृंत म्हणजे ‘ग्रिफेल’, आणि हा शब्द पाटीवरच्या पेन्सिलीसाठीही आहे. कुक्षी म्हणजे ‘नार्बं’, जखमेचा व्रण. आपले मूल निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग पाठ करते. संस्कृत शब्दांत वाईट काही नाही, ते नेमके आहेत. पण मूल शब्दावरून फुलाकडे जाऊ शकत नाही, त्याला आधी शब्दाचाच अर्थ शिकावा लागतो. जर्मन मुलाला शब्द कळलेलाच असतो, म्हणून त्याचे लक्ष थेट फुलाकडे जाते.

यावरचा आक्षेप खरा आहे. लोकांची नावे घोटाळे करतात. ‘फ्लीडर’ हा शब्द आज लायलॅकसाठी वापरतात, पण उत्तर जर्मनीत तोच शब्द एल्डरच्या झाडासाठी चालत असे. ‘हाइनबूखं’ या झाडाच्या नावात ‘बूखं’ म्हणजे बीच आहे, पण ते झाड बीच नव्हे. कधी घोटाळा जिवावर बेततो. वसंतात लोक रानात ‘बेअरलाउख’ नावाची लसणाच्या वासाची पाने खुडायला जातात. जवळपास तशाच दिसणाऱ्या ‘हेर्ब्स्टत्साइटलोझं’च्या पानांत जहाल विष असते. हिचे फूल शरदात, पानांवाचून, एकटेच जमिनीतून वर येते, आणि पाने दिसतात ती पुढच्या वसंतात. नावातला पहिला शब्दच शरद ऋतू आहे, पण पाने खुडणाऱ्याच्या समोर फूल नसते. अशा वेळी पक्के वर्णन आणि सर्वत्र एकच लॅटिन नाव हवेच. म्हणून जर्मन वनस्पतींच्या पुस्तकांत दोन्ही नावे शेजारीशेजारी छापतात. एक नाव वनस्पती कोणती ते पक्के करते, दुसरे माणसांनी तिच्यात काय पाहिले ते सांगते. दोन कामे आहेत, म्हणून दोन नावे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. झाडांवर आणि अरण्यावर इतके प्रेम करणाऱ्या याच भाषेत 1937 साली वायमारजवळच्या एट्टर्सबेर्ग टेकडीवर नाझींची छळछावणी उभी राहिली. टेकडीचे नाव कवी गटे यांच्याशी जोडलेले होते, म्हणून ते छावणीला नको, असा आक्षेप आला. मग नाव ठेवले ‘बूखेनवाल्ड’, म्हणजे बीचचे रान. तिथे 56 हजारांहून अधिक माणसे मेली. ‘बिर्केनाउ’ या दुसऱ्या छळछावणीच्या नावातही बर्चची झाडे आहेत. झाडाच्या नावावरचे प्रेम माणसाला माणूस ठेवीलच, असे नाही. म्हणून लोकनामांची बाजू मी अस्मितेसाठी मांडत नाही. ‘आमची नावे’ या अभिमानाने ती जपायला गेलो तर ती झेंड्यावर चढतील आणि झाड विसरले जाईल. ती जपायची ती नीट पाहण्यासाठी, आणि पाहिलेले पुढच्याला देण्यासाठी.

हेर्ब्स्टत्साइटलोझंची एक नातलग आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलते, ती कळलावी. वनस्पतिशास्त्र दोघींना एकाच कुलात ठेवते, आणि दोघींत कोल्चिसिन हे एकच विष आहे, जे मोजक्या मात्रेत गाउटवर औषध ठरते. जर्मन नावाने ऋतू नोंदवला, मराठी नावाने प्रसूतीच्या कळा. तसेच ‘रानमोडी’ हे नाव पाहा. अमेरिकेतून आलेले हे झुडूप इथल्या वनस्पतींना दाबून पसरते, हा निष्कर्ष त्या एका शब्दात आहे, आणि तो काढला रानात वावरणाऱ्यांनी.

हाइनरिख मार्झेल यांनी जर्मन वनस्पतिनामांचा कोश हाती घेतला. त्याचा पहिला खंड 1943 साली निघाला. मार्झेल 1970 साली वारले, तरी काम थांबले नाही, 1979 साली पाच खंड पुरे झाले. आपल्याकडे हे काम संस्था करतील तेव्हा करोत. तुमच्या ओळखीत रानभाज्या विकणारी, गुरे राखणारी किंवा झाडपाल्याची औषधे देणारी कोणी म्हातारी व्यक्ती असेल, तर या पावसाळ्यात तिच्याबरोबर एकदा बांधावरून चाला. ती सांगेल ते नाव, ते पडण्याचे कारण, गाव आणि तारीख वहीत लिहा, आणि शेजारी लॅटिन नावासाठी जागा सोडा. ती जागा पुढेही भरता येईल. त्या माणसाकडचे नाव मात्र त्याच्याबरोबर जाईल.